कालव्यापलीकडचा गुरुवार

बेकरीवाल्यानं हात काढून घेतला तेव्हा तिला आधी वाटलं, आपल्याकडून पट्टी जास्तच आवळली गेली. कोपराखाली जेमतेम चार बोटं लांबीचा उरलेला तो हात. त्याच्या टोकाची कातडी दोन वर्षांनीही नव्यासारखी होती, गुलाबी, पंख्याचा झोतसुद्धा सहन न होणारी. 'दुखलं का?' म्हणत तिनं पुन्हा हात पुढे केला. पण त्यानं तो छातीशी धरून ठेवला होता, एखादी वस्तू कुणी हिसकावून घेऊ नये म्हणून धरावी तसा. पट्टीचं भेंडोळं टेबलावरून घरंगळत खाली गेलं आणि फरशीवर लांबच लांब उलगडत राहिलं. 'तुम्ही तिकडे जाता म्हणे,' तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. पलीकडच्या व्यायामाच्या सायकलवर गुडघा दुमडत बसलेल्या आजोबांना ऐकूही गेलं नसेल. 'कुठे?' तिनं विचारलं आणि विचारताविचारताच तिला स्वतःची लाज वाटली, कारण कुठे ते तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यालाही कळत होतं. 'कालव्यापलीकडे. बायकोनं बसमधून पाहिलं तुम्हाला. एकदा वाटलं, गेल्या असतील कुणाकडे. पण दर गुरुवारी?' 'हो,' ती म्हणाली. 'जाते.' त्यावर तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं तिच्या हातांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. मग उठला, शर्टाची रिकामी बाही नेहमीसारखी खिशात खोचायचा प्रयत्न केला, ती नीट खोचली गेली नाही, तशीच लोंबकळत ठेवून तो निघून गेला. टेबलावर आरसा उभा होता. त्यात आता पलीकडची भिंत दिसत होती आणि भिंतीवरचं सांध्यांचं जुनं चित्र.

त्या आरशाचं काम तसं साधंच होतं. बेकरीवाल्याचा गेलेला हात त्याला अजून होता. तो हात मूठ वळून बसला होता. बाजारात स्फोट झाला त्या क्षणी त्यानं पावाच्या टोपलीची कडी धरली होती, ती मूठ मग सुटलीच नाही. हात गेला आणि मूठ राहिली. नखं तळव्यात रुततात, तो सांगायचा, आणि सांगताना तळवा दाखवता येत नाही म्हणून कसानुसा हसायचा. आरशासमोर तो साबूत हात ठेवायचा, मूठ वळायचा, मग हळूहळू उघडायचा, आणि आरशात उघडणारा हात जणू तो दुसराच आहे असं बघत राहायचा. कधी कधी, सगळं जुळून आलं तर, ती मूठ सुटायची. तेव्हा तो असा काही सुस्कारा सोडायचा की सायकलवरचे आजोबासुद्धा पाय थांबवून बघायचे. 'व्यायामबाई, तुमच्या हाताला गुण आहे,' तो म्हणायचा. तिला सगळे व्यायामबाईच म्हणत. जुने पेशंट तर दारातूनच ओरडत, 'चला, आलो मार खायला!' आणि ती म्हणे, 'या, आज जरा जास्तच आहे.' असल्या विनोदांवर हॉस्पिटलचा तो सगळा फिजिओथेरपीचा हॉल चालायचा. आज तिनं पट्टीचं भेंडोळं उचललं, पुन्हा गुंडाळलं, आणि पुढच्या पेशंटला विनोदाशिवायच हाक मारली.

आपल्या हाताला गुण नव्हता हे तिला चांगलं माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी, बाजारात स्फोट झाला त्या संध्याकाळी, वॉर्डात माणसांमागून माणसं येत होती आणि ती इतरांबरोबर स्ट्रेचर ढकलत होती, कुणाचा पाय उंच धरत होती, कुणाला 'श्वास घ्या, श्वास घ्या' म्हणत होती. आणि त्याच वेळी तळमजल्यावर, जिथे ती गेलीच नाही, तिचा धाकटा दीर पडून होता. तो सकाळी तिला म्हणाला होता, 'वहिनी, संध्याकाळी येताना मी भाजी आणतो, तुम्ही नका बाजारात जाऊ, तुम्हाला भाव करता येत नाही.' एवढंच. शेवटचं म्हणून काही खास बोलणं त्याच्याकडून निघालंच नव्हतं, आणि हे तिला पुढे फार दिवस खुपत राहिलं: की माणूस जातो आणि मागे भाजीच्या भावावरची चेष्टा राहते. सासूबाई त्याला धाकट्या म्हणायच्या. आता घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही. नवरा तर कुणाचं धाकटं भावंड अशी गोष्ट निघाली तरी उठून पाणी प्यायला जातो.

शिवणवाली आली ती त्यानंतर काही महिन्यांनी. खांदा आखडलेला, हात कानापर्यंतही जाईना. शाळेचे गणवेश शिवते म्हणाली. हात वर जात नाही म्हणून कापड बेतताना त्रास होतो. वयानं साठीकडे झुकलेली, कमी बोलणारी, सांगितलेला व्यायाम घरी खरोखर करणारी, अशा पेशंटवर कुठलीही व्यायामबाई जीव लावते. भिंतीवर लाकडी पट्ट्यांची छोटी शिडी होती. तिच्यावरून बोटांनी वर चढायचं. एक दिवस शिवणवाली भिंतीकडे तोंड करून बोटं चढवत होती, व्यायामबाई मागे उभी राहून तिचा खवाटा, खांद्यामागचं हाड, हातानं दाबून धरत होती, म्हणजे सगळा भार खांद्याच्या सांध्यावर यावा, आणि आपलं काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, 'घरी मदतीला कुणी आहे का? मुलगा, सून?' बोटं शिडीवर थांबली. 'मुलगा होता,' शिवणवाली भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली. 'बाजारात ज्यांनी ते केलं, ते तिघं होते ना. त्यातला एक माझा.' तिला आठवतं, त्या क्षणी तिला वाटलं होतं, आता आपला हात आपोआप दूर होईल. चटका बसल्यावर होतो तसा. ती जणू वाट बघत राहिली, हात कधी दूर होतोय याची. पण हाताखालचं हाड मघाशी होतं तसंच होतं, म्हाताऱ्या बाईचं, पातळ, कपड्याआडून उबदार. हात तिथेच राहिला. आणि मग तिच्याच तोंडून निघालं, 'माझा दीर गेला त्यात.' शिवणवालीनं मान वळवली नाही. दोघी तशाच उभ्या होत्या, एक भिंतीकडे तोंड करून, दुसरी तिच्या पाठीकडे. मग शिवणवाली म्हणाली, 'मी उद्यापासून येत नाही.' आणि खरंच आली नाही.

म्हणून ती तिच्या घरी गेली, कालव्यापलीकडे. कुणाला वाटेल, मन मोठं म्हणून गेली. तसं काही नव्हतं. खांदा अर्धवट राहिला तर पुन्हा आखडतो, हे तिनं स्वतःला सांगितलेलं निमित्त. खरं म्हणजे तिला विचारायचं होतं: का? तिला एक मोठं कारण हवं होतं. काळंकभिन्न, अंगावर येणारं, ज्याच्याकडे बोट दाखवून घरी सांगता येईल की हे बघा, हे होतं, म्हणून धाकटा गेला. शिवणवालीच्या खोलीत मशीनसमोर बसून ती ते शोधत राहिली आणि हाती लागली ती सगळी चिल्लर. मुलगा नळजोडणीचं काम शिकलेला. कारखान्याच्या फाटकावर पत्ता सांगितला की रखवालदार आतच सोडायचा नाही. शहरात कुठेही काही झालं की गाडी यायची आणि गल्लीतल्या पोरांना घेऊन जायची. एकदा त्यालाही नेलं. परत आला तो बोलेना. ताटावर बसला की उजवा हात मांडीखाली घालून डाव्या हातानं जेवायचा. का ते त्यानं सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही. 'विचारायला हवं होतं,' शिवणवाली म्हणायची आणि मशीन चालू करायची. मग कुणीतरी त्याला भेटलं. कोण, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. 'एवढंच सांगितलं मला त्यानं, एकदाच. म्हणाला, आई, तो माणूस मला अहो म्हणतो. अहो, बसा ना, म्हणतो. आजवर सगळे ए म्हणून बोलावत आले, मुकादम काय, पोलीस काय, शाळेतले मास्तरसुद्धा. मला बरं वाटलं ऐकून. मी म्हटलं, चांगला माणूस दिसतोय.' हे सांगताना शिवणवाली रडली नाही. ती रडली असती तर ऐकणारीला काहीतरी करता आलं असतं, पाठीवर हात ठेवणं, पाणी देणं. ती बाही जोडत राहिली. आणि ऐकणारी बसून राहिली, एका 'अहो'समोर आपला दीर तोलून बघत. हे एवढंसं? याच्यासाठी? मनातल्या मनात ती चिडायची, ओरडायची, आणि पुढच्या गुरुवारी परत जायची.

दर गुरुवारची बैठक अशी सुरू झाली. सुरू केली असं नाही म्हणता येणार. शिवणवालीच्या खोलीत शेजारच्या बायका डोकावू लागल्या, मग खोली पुरेना, मग वस्तीतल्या बंद पडलेल्या दवाखान्याचं कुलूप कुणीतरी काढलं. कालव्याच्या अलीकडून पहिल्यांदा सहासात जण आले होते, चांगली माणसं, भाषणं चांगली करणारी. ती एकेक करून गळाली. कुणाला वेळ नव्हता, कुणाच्या घरून नको म्हणाले. राहिली ती एकटी. बैठकीत ठरलं एवढंच: काहीही झालं तरी दगड उचलायचा नाही, आणि जे होतंय ते बोलायचं, ज्याच्याशी बोलायला हवं त्याच्याशीच बोलायचं. अर्ज झाले, खेटे झाले. पोलीस ठाण्याचे मोठे साहेब एकदा येऊन बसलेसुद्धा. चहा आवडला म्हणाले. 'तुमचं सगळं पटतं मला, पण माझ्या हातात काही नाही,' म्हणाले आणि कप खाली ठेवला. वर्षभरात एक नळ वाढला. शाळेला आणखी एक वर्ग मिळाला, शिक्षक नाही मिळाले. आणि वायरमनला परवाना मिळाला. वायरमन म्हणजे या बैठकीचं सगळ्यात मोठं यश, पुरावाच म्हणा ना. तिशी ओलांडलेला, बुटका, बोलताना हातानं हवेत वायरी जोडणारा. शिवणवालीच्या मुलाचा तो लहानपणापासूनचा दोस्त. साहेब आले होते त्याच गुरुवारी, त्यांच्यासमोर, तो आपणहून म्हणाला, 'त्या तिघांबरोबर मलाही बोलावणं आलं होतं. तेव्हाच. मी गेलो नाही, कारण त्या दिवशी माझ्या मुलीला ताप होता. बस, एवढंच. माझा त्यात काही मोठेपणा नाही. ताप नसता तर काय झालं असतं, मला माहीत नाही.'  शिवणवाली खाली बघत होती. व्यायामबाईच्या मनात तेव्हा आलं होतं की कुणाच्या घरच्या कुठल्या पोरीला ताप येतो आणि कुणाचा दीर संध्याकाळी भाजी घेऊन घरी येतो, यावर कुठलीच बैठक काही करू शकत नाही.

मंगळवारी बेकरीवाला उठून निघून गेला, आणि बुधवारी सकाळी सासूबाई रिकामी पिशवी घेऊन परत आल्या. ती कामावर निघण्याच्या गडबडीत होती. 'पाव संपला का?' तिनं विचारलं. 'होता,' सासूबाई म्हणाल्या. 'मला नाही दिला.' त्या खुर्चीवर बसल्या, पिशवीची घडी घातली, ती घडी पुन्हा उलगडली. 'त्याची बायको म्हणाली, आम्हाला नका विचारू, तुमच्या सुनेला विचारा. तर विचारते.' किती तरी महिने ती या क्षणाला भीत आली होती. 'आरोग्य शिबिर असतं' हे वाक्य तिनं इतक्या वेळा उच्चारलं होतं की ते आता तोंडात आलंसुद्धा. पण सासूबाई पिशवीकडे बघत होत्या आणि त्या पिशवीसमोर खोटं बोलवेना. तिनं सांगितलं. शिवणवालीचं सांगितलं, तिच्या मुलाचं सांगितलं, खांद्याचं सांगितलं. सासूबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. 'मग खांदा बरा झाला तिचा?' 'हो.' 'मग आता कशाला जातेस?' 'आई, तिथे अजून पोरं आहेत. त्यातल्या कुणी परत तसं करू नये म्हणून...' 'म्हणून तू जाऊन बसतेस.' 'हो.' 'बसून?' 'बोलतो आम्ही.' सासूबाईंनी मान हलवली, पटल्यासारखी नाही, ऐकलं अशी. रस्त्यावरून रिकाम्या बाटल्यांची गाडी खणखणत गेली. मग सासूबाई वेगळ्याच, जरा बारीक आवाजात म्हणाल्या, 'तिनं माझ्याबद्दल कधी विचारलं?'  हो म्हणावं का, असं क्षणभर तिच्या मनात आलं. 'नाही,' ती म्हणाली. 'बरं केलं,' सासूबाई म्हणाल्या. 'विचारलं असतं तर मला काहीतरी निरोप द्यावा लागला असता. मला काय सुचणार.' त्या उठल्या, पायात चपला सरकवल्या आणि पिशवी घेऊन चौकापलीकडच्या दुकानाकडे निघाल्या. त्यांच्या गुडघ्यांना तेवढं चालणं झेपत नाही हे व्यायामबाईइतकं कुणाला माहीत नव्हतं. मी आणते, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण तोवर त्या जिना उतरत होत्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो इमारतींचे नकाशे काढतो. घरीसुद्धा काहीही ऐकताना त्याचं बोट टेबलावर सरळ रेषा ओढत असतं. 'आईला कळलं ते बरंच झालं,' तो म्हणाला. आणि मग, 'हे बघ, तू जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण जा, असंही मला म्हणता येत नाही. तेवढं माझ्याकडून होत नाही.' 'तू म्हणावंस असं मी कुठे म्हणतेय?' 'नाही ना म्हणत. तेच.' बोट टेबलाच्या कडेपर्यंत गेलं आणि थांबलं. तेवढ्यात शेजारच्या घरातून टीव्हीचा आवाज एकदम मोठा झाला, मग वरच्या मजल्यावरचा, मग समोरच्या इमारतीतला. सगळीकडून एकच बातमी: बसस्थानकावर बेवारस पिशवी, स्फोट, माणसं जखमी. सासूबाई आपल्या खोलीचं दार ओढून घेत होत्या. दार बंद होताना कडी वाजली, ती नेहमीचीच, पण आज ती सगळ्या टीव्हींवरून ऐकू आली. आणि तिची तिलाच शिसारी आली, कारण जखमींच्या आधी तिच्या मनात आली होती ती कालव्यापलीकडे जाणारी पोलिसांची गाडी.

गुरुवारी ती गेली. बसमध्ये तिला वाटत राहिलं, सगळे आपल्या थांब्याकडे लक्ष ठेवून आहेत.  कालव्यावरच्या पुलाचा कठडा धरून ती जरा उभी राहिली. कालव्यात पाणी कमी होतं, कडेचा चिखल उघडा पडला होता आणि त्यात एक खुर्ची पालथी रुतलेली होती. गल्लीत नेहमीची पोरं दिसेनात. दवाखान्याच्या खोलीत शिवणवाली होती, वायरमनची बायको होती, आणखी दोघीतिघी. 'पहाटे हिच्या नवऱ्याला घेऊन गेले,' शिवणवाली म्हणाली. 'आणखी बऱ्याच जणांना नेलं. पण त्याला सगळ्यात आधी.' 'सगळ्यात आधी का?' हा प्रश्न तिनं विचारायला नको होता. उत्तर दारातून आलं. चारपाच तरुण तिथे उभे होते, त्यातला जो पुढे होता तो गेल्याच महिन्यात तिच्यासमोर बसून शाळेच्या शिक्षकाबद्दल तासभर बोलला होता. 'का म्हणजे? त्यांच्या ओळखीचा एकच चेहरा होता. साहेबांसमोर बसून बोलला तो. नाव सांगितलं, घर सांगितलं, बोलावणं आलं होतं तेही सांगितलं. तुमच्या बैठकीत. आम्ही दगड मारले असते तर तोंड झाकून मारले असते.' 'असं बोलू नकोस,' शिवणवाली म्हणाली. 'तू गप्प बस गं आजी. ए बाई,' तो व्यायामबाईकडे वळला, 'जा आता तू. पुरे झालं.' त्याच्या आवाजात राग होता तेवढंच रडू होतं. त्याला काय सांगावं? की धीर धर? की बोलून होईल? तिच्याजवळ शब्द नव्हते असं नाही, वर्षभर तिनं तेच शब्द वापरले होते. पण आता ते तोंडात घेतले असते तर तिलाच ऐकवले नसते. तो म्हणत होता ते खोटं असतं तर तिनं वाद घातला असता. ती जमिनीवर बसली. 

पोलीस ठाण्यासमोरच्या फुटपाथवर त्या बायका दोन दिवस बसल्या. घोषणा नाही, फलक नाही. शिवणवालीनं गणवेशांचं गाठोडं सोबत आणलं होतं आणि ती तिथेच बसून काजं करत होती. व्यायामबाई शुक्रवारी हॉस्पिटलमधली पाळी संपवून तिथे गेली. सकाळी पाळीवर असताना बसस्थानकावरचे काही जखमी तिच्याकडे पाठवले होते. त्यातल्या एका तिकीट देणाऱ्या बाईच्या पायाखाली उशी सरकवत असताना पडद्यापलीकडून बेकरीवाल्याचा आवाज आला. त्यानं आता दुसऱ्या फिजिओची वेळ घेतली होती. 'त्या बाईंना हात लावू देऊ नका,' तो कुणाला तरी सांगत होता. 'वाईट नाहीत हो. पण लावू देऊ नका.' तिकीटवाली बाई तिच्याकडे बघत होती. तिनं उशी नीट केली, पाय अलगद ठेवला आणि बाजूला झाली. मग ती इथे येऊन बसली. साहेबांनी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली. 'मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हाला कळायला हवं. चौकशी चालू आहे.' 'त्याचा काही संबंध नाही हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही स्वतः त्याच्याशी बोललात.' 'नसेल संबंध तर सोडूच ना आम्ही.' 'तोपर्यंत?' 'तोपर्यंत चौकशी.' त्यांनी हे चिडून म्हटलं नव्हतं. डोळ्यांखाली काळं आलं होतं त्यांच्या, बहुधा दोन दिवस घरी गेले नव्हते. तिला त्यांचा तिरस्कार करायचा होता आणि तोही धड जमेना. 'चहा घेणार?' त्यांनी विचारलं.

शनिवारी वायरमनला सोडलं. काही निघालं नाही. रविवारी सकाळी ती त्याच्या घरी गेली; घरून निघताना सासूबाई दारात उभ्या होत्या, कुठे म्हणून त्यांनी विचारलं नाही. खोली छोटी, स्वच्छ, एका भिंतीवर त्यानं हौसेनं बसवलेली बटणांची भलीमोठी पाटी, इतकी बटणं की तेवढे दिवे त्या घरात नव्हतेच. तो पलंगाच्या कडेला बसला होता, हात दोन्ही बाजूंना सोडून. शिवणवाली तिच्याआधीच येऊन गेली होती. तिनं त्याचा एक सदरा नेऊन त्याच्या दोन्ही खांद्यांवरची शिवण उसवली होती आणि तिथे बंद लावून आणले होते, म्हणजे घालताना हात वर करावे लागू नयेत. तोच त्याच्या अंगात होता. मुलीला शेजारी पाठवलं होतं. 'हात उचला बघू,' ती म्हणाली. त्यानं उचलायचा प्रयत्न केला; खांदे नुसते कानांकडे सरकले, हात जागचे हलले नाहीत. असे खांदे कशानं होतात ते तिनं पुस्तकात वाचलं होतं. माणसाचा सगळा भार किती वेळ त्यांच्यावर टांगला गेला असेल, हे तिला बोटांनी चाचपून अंदाजानं सांगता आलं असतं. तिनं ते मनातसुद्धा म्हटलं नाही. 'होतील बरे,' ती म्हणाली. 'वेळ लागेल, पण होतील.' 'वायर ओढता येईल?' 'येईल.' 'पूर्वीसारखी?' 'हो.' तो विचार करत होता. 'ओढून काय करू?' त्यानं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. खरोखरच विचारत होता, जसा तो बैठकीत काहीही विचारायचा. 'ठेकेदारानं येऊ नको म्हणून सांगितलंय. आणि बैठकीला तर मी आता...'  बायको स्वयंपाकाच्या ओट्याकडून म्हणाली, 'आधी बरे तर होऊ देत हात. मग बघू.' 'तेच विचारतोय मॅडमना,' तो म्हणाला. 'बरे झाल्यावर काय करायचं त्यांचं?'

 तिच्याजवळ होता तो व्यायाम. तिनं त्याला उशीवर निजवलं, त्याचा उजवा हात घेतला, एक तळवा त्याच्या कोपराखाली, एक मनगटाखाली, आणि सांगितलं, 'तुम्ही काहीच करू नका. हात मी उचलते. जिथे दुखायला लागेल तिथे मला सांगा, मी तिथेच थांबते. त्याच्या पुढे जायचं नाही.' त्यानं मान हलवली. ती हात उचलू लागली, अगदी सावकाश. हात जड होता आणि थंड. पलंगापासून वर आला, छातीच्या रेषेत आला, ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. सगळे पेशंट कुठे ना कुठे डोळे मिटतात, दात आवळतात, निदान श्वास तरी अडखळतो. तो छताकडे बघत होता. 'इथे?' तिनं विचारलं.  आणखी थोडा वर. तिच्या तळव्याखाली स्नायू ताठरला असं वाटलं, की तो तिचाच हात होता? 'इथे दुखतंय का? सांगा ना.' ओट्याकडचा आवाज थांबला होता, बायको वळून बघत होती. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, राग नाही, वेदनासुद्धा नाही. 'अहो,' ती म्हणाली, 'तुम्ही सांगितल्याशिवाय मला कळणार कसं?' तो छताकडे बघत राहिला. हात खाली ठेवणं तिला जमेना, आणि वर नेण्याचं धाडस होईना. ती तो तसाच धरून उभी राहिली.